डॉ. वाल्डेमार हाफकिन : जिवंत आणि मृत यांची मोजदाद

आपल्या वर्धा जिल्ह्यात पावसाळा सुरू झाला की सोयाबीनच्या आणि कपाशीच्या शेतांतून सर्पदंशाच्या बातम्या येऊ लागतात. रुग्णाला दवाखान्यात नेले की नातेवाईक सर्वप्रथम विचारतात, ते लस उपलब्ध आहे की नाही हे. सर्पदंशावरील औषध असो की पोलिओचे थेंब, 'हाफकिन' हे नाव महाराष्ट्रातील बहुतेकांच्या कानावरून कधी ना कधी गेलेले असते. मुंबईच्या परळ भागातील ती एक मोठी सरकारी संस्था आहे, एवढेही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु हे एका माणसाचे आडनाव आहे, तो माणूस काळ्या समुद्राच्या काठी जन्मला, आणि आपल्याच राज्यात प्लेगशी झुंज देताना त्याने कीर्ती मिळविली आणि ती गमावलीही, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. स्मरणिकेच्या या अंकात त्यांचे चरित्र देण्याचे आम्ही ठरविले, त्याला आणखी एक कारण आहे. आपले विद्यार्थी दहावी-बारावीत जिवाणूंच्या वाढीचा आलेख काढतात आणि गुण मिळवून तो विसरून जातात. त्या आलेखावर एका माणसाचे आयुष्य कसे तोलले गेले, हे त्यांना कळावे, अशी आमची इच्छा आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी, एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात ते निसर्गविज्ञान शिकले. तेथे त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हा शोध पुढे याच मेचनिकोव्ह यांच्या नावावर जमा झाला. तो काळ ज्यू समाजासाठी अत्यंत वाईट होता. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि त्याचे खापर ज्यूंवर फोडून दक्षिण रशियात त्यांच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ओडेसातील ज्यू तरुणांनी स्वसंरक्षणासाठी दल उभारले. हाफकिन त्यात सामील झाले, जखमी झाले आणि उलट त्यांनाच अटक झाली. मेचनिकोव्ह यांनी मध्यस्थी केल्यामुळे ते सुटले. पुढे पदवी मिळाली, प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात संशोधनाचे काम मिळाले; परंतु विद्यापीठात प्राध्यापक व्हायचे असेल तर ख्रिस्ती धर्माची दीक्षा घ्यावी लागेल, असे त्यांना कळविण्यात आले. त्यांनी नकार दिला. जन्माच्या कारणावरून ज्ञानाच्या दारात अडविले जाणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

१८८८ मध्ये ते देश सोडून जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसला. लुई पाश्चर यांची संस्था तेथे नुकतीच उभी राहिली होती आणि मेचनिकोव्हही तेथेच आले होते. संस्थेत संशोधकाची जागा रिकामी नव्हती, म्हणून हाफकिन यांनी ग्रंथपालाची नोकरी पत्करली. दिवसा पुस्तके सांभाळावीत आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसावे, असा त्यांचा क्रम होता. या काळात त्यांनी पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या केंद्रकात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास केला. रोगाशी थेट संबंध नसलेले हे काम होते. पण एखादा जीव कोठे वाढतो, कसा वाढतो आणि कशाने थांबतो हे धीराने पाहत राहण्याची सवय त्यातून लागली असावी, असे आम्हाला वाटते.

येथे थोडे थांबून जिवाणूंच्या वाढीविषयी सांगणे इष्ट होईल. त्याशिवाय पुढील कथा समजणार नाही.

जिवाणू वाढतो म्हणजे आकाराने मोठा होत जातो असे नाही. तो जरासा लांबतो आणि दुभंगतो. एकाचे दोन होतात, दोहोंचे चार, चारांचे आठ. आपल्या आतड्यात राहणारा कोलाय नावाचा जिवाणू अनुकूल परिस्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुभंगतो. म्हणजे तासाला तीन वेळा आणि दहा तासांत तीस वेळा. एका जिवाणूपासून आरंभ केला तर दहा तासांनी ही संख्या १०७ कोटींवर जाते. रात्री उघडे राहिलेले वरण मे महिन्यात सकाळी का फसफसते, याचे उत्तर या आकड्यात आहे.

अर्थात ही वाढ निरंतर चालत नाही. आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रोज रात्री दुधाला विरजण लावले जाते. तेथे वाढीच्या सर्व अवस्था पाहावयास मिळतात. प्रारंभी काही काळ काहीच घडत नाही. जिवाणू नव्या दुधाशी जुळवून घेत असतात. मग दुपटीचा वेग येतो आणि दही लागते. नंतर अन्न संपत जाते, आम्लता वाढते, जितके नवे जन्मतात तितकेच मरतात आणि संख्या स्थिरावते. शेवटी मरणाऱ्यांची संख्या अधिक होते. थंडीत विरजण सकाळपर्यंत लागत नाही आणि उन्हाळ्यात पहाटेच आंबट होते, याचे कारण तापमान. प्रत्येक जातीच्या जिवाणूला विशिष्ट उष्णता मानवते.

आता ही वाढ मोजायची कशी? सूक्ष्मदर्शकाखाली चौकटी आखलेल्या काचेवर थेंब ठेवून जिवाणू मोजता येतात. पण तेथे जिवंत कोण आणि मेलेला कोण, हे सहसा कळत नाही. दुसरी रीत वसाहती मोजण्याची. एक मिलिलिटर द्रव दहापट पातळ करायचा, त्यातला एक मिलिलिटर पुन्हा दहापट, असे सहा वेळा केले की मूळ द्रव दहा लाख पट पातळ होतो. त्यातला एक मिलिलिटर पोषक थराच्या ताटलीवर पसरून उबेत ठेवला की प्रत्येक जिवंत जिवाणूपासून एक ठिपका उमटतो. ठिपके ८४ असतील तर मूळ द्रवात प्रत्येक मिलिलिटरमागे ८ कोटी ४० लाख जिवंत जिवाणू होते, असे समजावे. या रीतीत मेलेले मोजले जात नाहीत. तिसरी रीत गढूळपणाची. जिवाणू वाढले की स्वच्छ द्रव धुरकट होतो. जितका अधिक धुरकट तितके जिवाणू अधिक. १९०७ मध्ये मॅकफार्लंड यांनी बेरियमच्या पांढऱ्या साक्याच्या, चढत्या गढूळपणाच्या नळ्या तयार करून तुलनेसाठी माप दिले. ते माप महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही वापरले जाते. आता प्रकाशाचा झोत पाठवून गढूळपणा मोजणारी यंत्रे आहेत. परंतु गढूळपणाला जिवंत-मृत भेद कळत नाही, ही गोष्ट यंत्र आले म्हणून बदललेली नाही.

वाचकांनी हा भेद ध्यानात ठेवावा. मृत जिवाणूंपासून केलेल्या लशीच्या बाटलीत दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: जिवाणूंची शरीरे भरपूर असली पाहिजेत, आणि जिवंत असा एकही जीव असता कामा नये. पहिली अट गढूळपणावरून तपासता येते. दुसरीसाठी थोडासा द्रव पोषक माध्यमात घालून वाट पाहावी लागते. काहीच उगवले नाही, तर बाटली निर्धोक मानायची. शून्य हा आकडा असा वाट पाहूनच मोजला जातो.

हाफकिन यांनी प्रथम पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, लस शोधली. ती मृत नव्हे तर जिवंत जिवाणूंची होती. गिनिपिगच्या शरीरातून अनेकदा नेऊन एक जहाल वाण तयार करायचा आणि ३९ अंश उष्णतेला, हवेच्या झोतात वाढवून दुसरा सौम्य वाण करायचा. प्रथम सौम्य टोचायचा, काही दिवसांनी जहाल. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. युरोपातील जाणत्यांनी फारसा विश्वास ठेवला नाही. लस खरी की खोटी हे जेथे पटकी कायम वसतीला आहे तेथेच ठरणार होते. म्हणून मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले.

पुढील वर्षी कलकत्त्यातील काटाल बागान नावाच्या झोपडवस्तीत पटकीचे रुग्ण आढळले. वस्तीतील सुमारे दोनशे लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत आणखी दहा जणांना बाधा झाली आणि त्यांतील सात दगावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. हाफकिन यांच्या कामाची रीत येथे प्रथम स्पष्ट दिसते. आपल्या औषधाने अमुक बरा झाला, तमुक वाचला, अशा कहाण्या ते सांगत नसत. एकाच वस्तीत, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्यांत, लस घेतलेले किती आणि न घेतलेले किती, त्यांतले आजारी किती, हे मोजून मांडत. १८९५ पर्यंत सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी लस दिली. त्या वणवणीत हिवतापाने प्रकृती खालावली आणि त्यांना युरोपात परतावे लागले. बरे वाटताच ते पुन्हा आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने एका रुग्णाची लक्षणे पाहून निदान केले, की हा गाठीचा प्लेग आहे. काही आठवड्यांतच शहरातून लोक पळू लागले. सरकारने हाफकिन यांना पाचारण केले. ७ ऑक्टोबरला ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक बोळ, एक कारकून आणि तीन शिपाई एवढा लवाजमा मिळाला. यावर त्यांनी जगातील पहिली परिणामकारक प्लेगची लस तीन महिन्यांत तयार केली.

प्लेगचा जिवाणू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. तो माणसाच्या शरीरातील उष्णतेपेक्षा थोड्या कमी उष्णतेत, तिसाच्या आतबाहेर, अधिक चांगला वाढतो. मुंबईची हवा त्याला मानवणारी होती. हाफकिन यांनी मोठ्या चंबूंत मांसाचा पोषक रस भरला. धर्मभावना दुखावू नयेत म्हणून तो बोकडाच्या मांसापासून बनविला, हा विचार आमच्या मते विज्ञानाइतकाच महत्त्वाचा होता. त्या रसावर त्यांनी तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थोडे थेंब सोडले. तूप पृष्ठभागावर तरंगते. जिवाणू त्या थेंबांच्या खालच्या बाजूस चिकटून वाढू लागले आणि गुहेच्या छतावरून चुन्याचे सुळके लोंबावेत तसे पांढरे दोरे रसात खाली लोंबू लागले. चंबू हलविला की दोरे तुटून तळाशी बसत आणि वर नवे दोरे वाढू लागत. दर काही दिवसांनी असे हलवीत सुमारे सहा आठवडे पीक घेतले जाई. शेतकऱ्याने एकाच वावरातून पुन्हा पुन्हा तोड घ्यावी, तशी ही रीत होती. शिवाय असे दोरे प्लेगच्या जिवाणूचेच होत. चंबूत दुसऱ्या कोणाची घुसखोरी झाली तर वाढीचे रूप बदलत असे. तूप हे खत तर होतेच, पहारेकरीही होते.

पीक भरपूर झाले की चंबू सत्तर अंशांच्या जवळपास उष्णतेत तासभर ठेवून जिवाणू मारले जात आणि वर थोडे कार्बोलिक आम्ल घातले जाई. उरत ती मृत शरीरे आणि त्यांनी रसात सोडलेली द्रव्ये. तीच लस.

सगळेच जिवाणू असे चंबूत वाढायला राजी होत नाहीत. आपल्या जिल्ह्याइतका याचा अनुभव देशात क्वचितच कोणाला असेल. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. पुढे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचे मुख्य कार्यालयही वर्ध्यातच आले. कुष्ठरोगाचा जिवाणू १८७३ मध्ये, म्हणजे प्लेगच्या जिवाणूच्या कितीतरी आधी, दिसला होता. पण त्याला कृत्रिम माध्यमात वाढविणे आजतागायत कोणालाही साधलेले नाही. तो दुभंगायला बारा ते चौदा दिवस घेतो. कोलायची वीस मिनिटे आणि याचे दोन आठवडे! १९६० मध्ये उंदराच्या तळपायात त्याची मर्यादित वाढ करता येऊ लागली, तेव्हा कोठे औषधांची चाचणी नीट सुरू झाली. दत्तपूरच्या वाटेने जाताना आमच्या मनात अनेकदा हा विचार येतो, की हाफकिन यांच्या वाट्याला प्लेगऐवजी हा जिवाणू आला असता, तर ती एक खोली आणि तीन शिपाई कोठवर पुरले असते?

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी दहा घन सेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना जी मात्रा दिली गेली, तिच्या कितीतरी पट ही होती. त्यांना कडक ताप आला आणि दुखणे काही दिवस राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा कैद्यांपैकी जे स्वेच्छेने पुढे आले त्यांना लस दिली गेली. अन्न, पाणी, कोठड्या, काम सर्व सारखे. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मरण पावले. घेतलेल्यांत दोघांना झाला, मृत्यू एकही नाही.

याच दिवसांत पुण्याजवळ काय चालले होते, ते आपल्या वाचकांना स्मरत असेल. सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले आणि त्या स्वतःच प्लेगला बळी पडल्या. तो दिवस १० मार्च १८९७. हाफकिन यांनी स्वतःवर प्रयोग केल्याला त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते. मुंबईत लस नुकतीच तयार होऊ लागली होती. जे स्वतःच्या पाठीवर रुग्ण वाहून नेत होते, त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही. इतिहासात असे दोन महिने असतात. त्यांच्यावर भाष्य करणे आम्हाला जड जाते.

सरकारी बंदोबस्ताची जुलूम-जबरदस्तीही तेव्हा शिगेला पोहोचली होती. घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण, स्त्रियांची तपासणी यांमुळे पुणे पेटले आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. हाफकिन यांची भूमिका याहून निराळी होती. लस टोचण्याची सक्ती असू नये. माणसाने पाहावे, समजून घ्यावे आणि मग हात पुढे करावा, असे त्यांचे मत होते. तिसरे आगाखान यांनी स्वतः लस घेतली, आपल्या खोजा अनुयायांना तसे करण्यास सांगितले आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली.

यानंतरचा प्रयोग आम्हाला त्यांच्या साऱ्या कामातील सर्वांत सुंदर वाटतो. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा या गावात प्लेग पसरला होता. पुढे तरुण भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देणारे सयाजीराव गायकवाड यांचेच हे संस्थान. हाफकिन यांनी गावात घरोघरी कुटुंबातील माणसांचे दोन भाग केले आणि अर्ध्यांना लस दिली. एकाच चुलीवरचे जेवण, एकच छप्पर, तेच उंदीर. फरक फक्त लशीचा. पुढे २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्या कुटुंबांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मरण पावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मरण पावले. नव्या औषधाची परीक्षा दोन सारख्या गटांत करावी, हे आज सर्वमान्य आहे. उंढेऱ्याच्या ओट्यांवर ते सव्वाशे वर्षांपूर्वी केले गेले. त्या २६ जणांचा विचार मनात आला की हे सौंदर्य बोचते, हेही सांगितले पाहिजे.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. लाखो मात्रा तेथून देशभर जाऊ लागल्या. याच सुमारास सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने लस उपयुक्त असल्याचे मान्य केले, पण मात्रेची शक्ती ठरविण्याची पद्धत पुरेशी काटेकोर नाही, असा आक्षेपही नोंदविला. तो रास्त होता, असे आम्हाला वाटते. टोचल्यानंतर ताप किती चढतो यावरून हाफकिन मात्रा जोखीत. माणसाचा ताप ही जिवाणू मोजण्याची फुटपट्टी फार ढोबळ आहे.

मागणी एवढी वाढली, की उत्पादनाला वेग देण्यासाठी हाफकिन यांनी पद्धत बदलली. कार्बोलिक आम्ल घालणे थांबवून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. पॅरिसच्या संस्थेत हे चालत होते. त्यानंतर तो दिवस उजाडला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ लोकांना पाच बाटल्यांतून लस टोचली गेली. त्यांतील १९ जणांना आठवडाभराने धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते सर्व मरण पावले. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही. ते एकोणीस जण एकाच बाटलीतून टोचले गेले होते. बाटलीचा क्रमांक ५३-एन.

चौकशी आयोग बसला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, तीत धनुर्वाताचे जंतू शिरले असावेत, असे त्याने मत दिले. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले आणि १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले. एका परदेशी ज्यू संशोधकावर दोष टाकणे सोयीचे होते, हे तेव्हाही अनेकांना जाणवले. फ्रान्समधील ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याच्या खटल्याशी या प्रकरणाची तुलना झाली.

यातून त्यांची सुटका झाली ती जिवाणूंच्या वाढीच्या हिशेबामुळे. त्या दिवशी बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून, ज्योतीवर न तापविता, तसाच बुचाला लावला गेला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत सर्वत्र असतात आणि अशा क्षणिक बुचकळ्याने ते मरत नाहीत. आता दोन शक्यता तोलून पाहाव्यात. जंतू प्रयोगशाळेतच शिरले असते तर बंद बाटलीत, हवेविना, पोषक रसात त्यांना कित्येक दिवस मिळाले असते. धनुर्वाताच्या जिवाणूला हवे असते ते हेच. संख्या अफाट झाली असती, रसाला घाण वास सुटला असता, विष आधीच तयार झाले असते आणि टोचलेल्यांना ते फार लवकर चढले असते. प्रत्यक्षात बाटली उघडताना वास आल्याची नोंद नव्हती आणि लक्षणे आठवड्याने उमटली. म्हणजे टोचले गेले ते मूठभर बीजाणू, ज्यांना वाढायला वेळ माणसाच्या शरीरातच मिळाला. आलेखावरच्या त्या पहिल्या, निश्चल वाटणाऱ्या अवस्थेने अशी साक्ष दिली.

हा युक्तिवाद हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल मिळविणारे रोनाल्ड रॉस यांनी लावून धरला. जुलै १९०७ मध्ये दहा नामांकित वैज्ञानिकांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात छापून आले आणि त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना निर्दोष मानून पुन्हा कामावर बोलाविले. आमचे मत विचाराल तर कार्बोलिक काढण्याचा निर्णय निर्वेध नव्हता. बीजाणू सत्तर अंशांना मरत नाहीत, आणि बाहेरून कोणी आत शिरला तर त्याला रोखणारे त्या रसात काहीच उरले नव्हते. पण जो निर्णय वादाचा आहे आणि ज्या चुकीने माणसे मेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयोगाने त्या एकत्र मोजल्या.

हाफकिन कलकत्त्यास परतले. परळची खुर्ची आता दुसऱ्याकडे होती. नव्या जागी लशींच्या प्रत्यक्ष चाचण्या करण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. लिहीत-वाचत त्यांनी काही वर्षे काढली आणि १९१४ मध्ये निवृत्ती घेतली. त्यांची लस मात्र देशभर जात राहिली. प्लेगने भारतात त्या काळी एक कोटीहून अधिक बळी घेतले. या लशीमुळे किती वाचले, याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. ते तेव्हा हयात होते आणि फ्रान्समध्ये एकटेच राहत होते. त्यांनी विवाह केला नव्हता. उतारवयात आपल्या पूर्वजांच्या धर्माचरणाकडे ते अधिक वळले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. आयुष्यभराची शिल्लक त्यांनी पूर्व युरोपातील ज्यूंच्या धर्मपाठशाळांसाठी ठेवली. तेथील मुलांना धर्मग्रंथांबरोबरच विज्ञान आणि एखादा हातचा उद्योगही शिकविला जावा, अशी त्या निधीमागची इच्छा होती.